लिलाव पडद्यावरचा, पैसा मात्र खिशातला

इंदूरमध्ये राहणारे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. वडील दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, आई घर सांभाळणारी, आणि चोवीस वर्षांचा मुलगा लग्नसमारंभाची छायाचित्रे काढण्याच्या व्यवसायात नुकता कुठे स्थिरावू लागलेला. त्याच्याकडे स्वतःचा चांगला कॅमेरा नाही. दर लग्नाला तो भाड्याने कॅमेरा आणतो आणि कमाईतला बराचसा वाटा भाड्यापायी घालवतो. नवा घ्यावा तर लेन्ससह किंमत दीड लाखाच्या घरात जाते. अशात एके दिवशी समाजमाध्यमावरच्या, जुन्या कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री चालणाऱ्या एका गटात त्याला नेमका हवा तोच कॅमेरा लिलावाला लागलेला दिसतो. विक्रेता बेंगळुरूचा. ‘फक्त सहा महिने वापरलेला, परदेशी जात असल्याने विकणे आहे.’ बोलीची सुरुवात ४० हजारांपासून. रविवारी रात्री नऊ वाजता लिलाव बंद.

घरात खल होतो. वडील मुदत ठेव मोडायला तयार होतात. मुलगा ७० हजारांपर्यंत बोली चढवतो, पण शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी ७८ हजार म्हणतो आणि कॅमेरा हातचा जातो. मुलगा हिरमुसून जेवायचाही नाही. सोमवारी सकाळी मात्र त्याच्या फोनवर निरोप झळकतो, ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली. त्याच्या खालची बोली तुमची होती. ७० हजारांत कॅमेरा तुमचा. आणखी दोघे विचारत आहेत, तेव्हा बारा वाजेपर्यंत निम्मे पैसे पाठवा.’

देव पावला, असे वाटण्याचाच हा क्षण. आणि पडद्यावरच्या लिलावात हजारो खरेदीदार जिथे गाफील सापडले, तोही नेमका हाच क्षण.

मोडक्या वस्तूपासून झालेली सुरुवात

जुन्या बाजारात रेडिओ घेणारा माणूस तो आधी कानाशी लावतो, बटण फिरवतो, मागचे झाकण उघडून पाहतो. गावातल्या लिलावातही माल चारचौघांसमोर मांडलेला असतो, बोलणारा दिसतो आणि हातोडा मारणाराही ओळखीचा असतो. पडद्यावरच्या लिलावात यातले काहीच नसते. तिथे असते ते एक छायाचित्र, चार ओळींचे वर्णन आणि सरकत जाणारे घड्याळ.

तरीही ही पद्धत चालली, कारण तिचा पाया प्रामाणिकपणाचा होता. सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात पिएर ओमिडियार या संगणक-तंत्रज्ञाने ‘ऑक्शनवेब’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. पुढे त्याचेच ‘ईबे’ झाले. तिथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, आणि किंमत आली १४ डॉलर ८३ सेंट. वस्तू मोडकी आहे हे विक्रेत्याने सांगितले होते आणि घेणाऱ्याला ती मोडकीच हवी होती! दोघेही समाधानी.

भारतात ‘बाझी’ हे लिलावाचे संकेतस्थळ २००० मध्ये सुरू झाले. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले आणि ईबेचा हा भारतीय अवतार ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाला. त्याच्या काळात ‘पैसापे’ नावाची सोय होती. ग्राहकाचे पैसे थेट विक्रेत्याच्या हाती न पडता आधी मध्यस्थाकडे थांबत. ही सोय वरवर साधी वाटे. पण दूरच्या, अनोळखी माणसाशी व्यवहार करताना ग्राहकाच्या बाजूने उभी राहणारी तीच एक गोष्ट होती. आज वापरलेल्या वस्तूंचा व्यवहार मोठ्या प्रमाणावर वर्गीकृत जाहिरातींच्या संकेतस्थळांवर आणि समाजमाध्यमांवरच्या गटांत होतो. गटात ‘लिलाव’ हा शब्द असतो, बोलीही असते. मध्ये उभा राहणारा मात्र कुणी नसतो.

हरलेल्याला जिंकवणारा निरोप

इंदूरच्या त्या मुलाला आलेला निरोप काही नव्या डोक्यातून निघालेला नाही. पहिल्याने पैसे दिले नाहीत तर दुसऱ्याला संधी द्यावी, अशी अधिकृत सोय ईबेसारख्या संकेतस्थळावर आहेच. ठकांनी तीच उचलली. बोली सर्वांना दिसत असेल, तर कोण हरला, किती रुपयांवर हरला आणि त्याला वस्तूची किती ओढ आहे, हे तिऱ्हाइतालाही कळते. म्हणजे निरोप पाठवणारा मूळ विक्रेता असेलच असे नाही. कॅमेरा खरोखर ७८ हजारांना विकला गेलेला असतो, विक्रेता बिचारा प्रामाणिक असतो, आणि तिसराच कुणी त्याचे नाव व छायाचित्र लावून हरलेल्या प्रत्येकाला ‘कॅमेरा तुमचाच’ म्हणून कळवत असतो. एकच कॅमेरा अशा रीतीने पाच जणांना ‘विकता’ येतो.

खरे-खोटे ओळखण्याची खूण सोपी आहे. खरी दुसरी संधी त्या संकेतस्थळाच्या आतल्या निरोपपेटीतच येते, आणि आपल्या खात्यात शिरून ती पाहता येते. बाहेरून, ई-मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या निरोपातल्या दुव्यावर बोट ठेवायचे नाही. व्यवहार गटातला असेल, तर लिलाव ज्या ठिकाणी झाला तिथेच, सर्वांसमोर, ‘आपण मला निरोप पाठवला का?’ असे विचारावे. खऱ्या विक्रेत्याला त्यात लाजण्यासारखे काही नसते.

बोली चढवणारा तो दुसरा माणूस खरा होता का, हाही प्रश्न आहेच. विक्रेत्याच्याच मित्रांनी वेगवेगळ्या नावांनी बोली वाढवत न्यायची, ही लबाडी हातोड्याच्या लिलावाइतकीच जुनी. २००० मध्ये अमेरिकेत एका नामवंत चित्रकाराचे भासवलेल्या चित्राला ईबेवर १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरची बोली लागली आणि मागाहून उघड झाले, की विक्रेता व त्याचे साथीदार खोट्या नावांनी बोली लावत होते. यावर उपाय एवढाच, की आपली कमाल रक्कम कागदावर आधी लिहून ठेवावी आणि रात्री नऊला पाच मिनिटे कमी असताना ती बदलू नये.

गुणपत्रिका नीट वाचा

विक्रेत्याच्या नावापुढे तारे असतात, ‘९९ टक्के समाधानी ग्राहक’ असे लिहिलेले असते. बहुतेक लोक तिथेच थांबतात. पण गुण कोणत्या विषयात मिळाले, हे कुणी पाहायचे? मोबाइलची वेष्टणे आणि शंभर रुपयांच्या वायरी पन्नास जणांना वेळेवर पाठवून नावलौकिक जमवायचा, आणि मग एकाच आठवड्यात वीस महागडे लॅपटॉप विक्रीला काढून पैसे गोळा होताच नाहीसे व्हायचे, ही रीत परदेशी लिलावांत पुष्कळ चालली. दुसरा प्रकार याहून फसवा. खाते खऱ्याच माणसाचे असते, दहा वर्षांचे असते. पण त्याचा पासवर्ड चोरीला गेलेला असतो. लोकरीचे गुंडे आणि विणकामाच्या सुया विकणाऱ्या बाईंच्या नावावर अचानक अर्ध्या किमतीत दूरदर्शन संच आणि कॅमेरे दिसू लागले, तर बाईंनी धंदा बदललेला नसतो. म्हणून मागील विक्री उघडून पाहावी. काय विकले, केव्हा विकले, मध्ये वर्षभर शुकशुकाट होता का?

वर्णनाचा शेवटचा शब्दही वाचावा. डिसेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका तरुणाने ईबेवर ‘एक्सबॉक्स वन’ या खेळयंत्रासाठी ४५० पौंड भरले आणि टपालाने त्याच्या घरी आले ते त्या यंत्राचे छायाचित्र. वर्णनात ‘छायाचित्र’ हा शब्द होता. पण जाहिरात खेळयंत्रांच्या विभागात लावलेली होती आणि घाईत त्याने तो शब्द मनावर घेतला नाही. संकेतस्थळाने पैसे परत करण्याचे आश्वासन दिले, कारण त्याने रक्कम संकेतस्थळाच्या मार्गानेच भरली होती. ‘फक्त खोके’, ‘सुट्या भागांसाठी’, ‘तपासलेले नाही’ असे शब्द असेच एखाद्या कोपऱ्यात दडलेले असतात.

पैसा कुठल्या वाटेने निघाला?

वस्तूची परीक्षा सगळेच करतात. पैशाच्या वाटेची परीक्षा फारच थोडे लोक करतात, आणि फसवणूक बहुधा याच वाटेवर होते. जाहिरात कितीही खोटी असो, संकेतस्थळाच्या ठरलेल्या मार्गाने पैसे भरले तर तक्रारीला आणि परताव्याला जागा राहते. म्हणून ठकाचे सगळे कसब ग्राहकाला त्या मार्गावरून खाली उतरवण्यात खर्ची पडते. कारणे नाना प्रकारची असतात. ‘संकेतस्थळ दलाली फार घेते, आपण बाहेर मिटवू म्हणजे तुमचे तीन हजार वाचतील.’ ‘माझे खाते सध्या अडकले आहे, मेव्हण्याच्या खात्यावर पाठवा.’ ‘जीएसटी टाळण्यासाठी मित्राला दिल्यासारखे दाखवा.’ परदेशी व्यवहारात ‘पेपाल’वर मित्र वा नातेवाइकाला पाठवतो तशी रक्कम पाठवायला सांगतात. त्या प्रकारच्या रकमेला खरेदीचे संरक्षणच नसते, हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक असते. भेटकार्डाचे क्रमांक मागणारा तर शंभर टक्के ठक समजावा.

रोमानियातले रिम्निकु विल्चा हे डोंगरांच्या पायथ्याचे एक शहर अशाच धंद्याने जगभर गाजले. नसलेल्या मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू तिथले काही तरुण अमेरिकन ग्राहकांना विकत आणि पैसे हस्तांतर कंपन्यांच्या खिडक्यांवरून रोख उचलत. लोक सावध होऊन ‘मध्यस्थाकडे पैसे ठेवू’ म्हणू लागले, तेव्हा मध्यस्थाचीही खोटी संकेतस्थळे तयार झाली! नाव जवळपास तेच, बोधचिन्ह हुबेहूब, पत्त्यात एखादेच अक्षर इकडचे तिकडे. त्यामुळे मध्यस्थ निवडायचा तो आपण. विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावरचा मध्यस्थ म्हणजे त्याचाच दुसरा खिसा.

आपल्याकडे यूपीआयमुळे पैसे क्षणात जातात, आणि क्षणात गेलेले पैसे परत बोलावणे कठीण असते. मात्र यातही ग्राहकाला एक चांगला साक्षीदार मिळालेला आहे. रक्कम पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. बोलणारा एका नावाचा आणि खाते दुसऱ्याच्या नावाचे, असे दिसले की हात आखडता घ्यावा. तसेच यूपीआयचा गुप्त पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. ‘उसळ्या’ची रक्कम परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे कुणी म्हणाले, तर पैसे येणार नसून जाणार आहेत. घरातली जुनी वस्तू विकायला काढणारेही याच सापळ्यात सापडतात. तिथे गिऱ्हाईकच ठक असते.

सैनिकाच्या वेशातला विक्रेता हा आणखी एक प्रकार. ‘मी जवान आहे, बदली झाली, सामान स्वस्तात काढतो आहे’ असे सांगून ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले जाते. गणवेशाबद्दल मनात आदर असतो, म्हणून लोक प्रश्न विचारत नाहीत. पोलिसांनी या प्रकाराबद्दल अनेकदा सावध केले आहे. ओळखपत्राचे चित्र हा कसलाच पुरावा नव्हे. ते दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाकडून मिळवलेलेही असू शकते. हाच नियम खरेदीदारालाही लागू. विश्वास वाटावा म्हणून स्वतःच्या आधारकार्डाचे चित्र पाठवू नये, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला ते विक्रेत्याचे म्हणून दाखवले जाईल.

‘सीमाशुल्क खात्याने जप्त केलेले फोन आणि लॅपटॉप, चौथाई किमतीत लिलाव’ या जाहिरातींनाही पुष्कळ जण भुलतात. सीमाशुल्क विभाग जप्त मालाचा लिलाव करतो हे खरे. पण त्यासाठी रीतसर जाहीर सूचना आणि नोंदणी लागते, व्हॉट्सअॅपवर एक-एक फोन विकला जात नाही. परदेशातून मागवलेली वस्तू ‘विमानतळावर अडकली आहे, शुल्क भरा’ असा फोन आला, तर कागद मागावा. सीमाशुल्क विभागाच्या पत्रावर ‘डिन’ हा ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. कुणा अधिकाऱ्याच्या खासगी खात्यात शुल्क भरायचे नसते. शिवाय वापरलेले लॅपटॉप व संगणक परदेशातून आणण्यावर भारतात निर्बंध आहेत, हे बोली लावण्याआधीच ध्यानात घ्यावे.

वस्तू खरी आहे का?

विक्रेत्याकडून नवे छायाचित्र मागावे, आणि तेही त्या दिवसाची तारीख व आपले नाव लिहिलेली चिठ्ठी वस्तूशेजारी ठेवून. दुसऱ्याच्या जाहिरातीतून चित्र उचललेल्या माणसाला हे जमत नाही. आता चित्रात खोटी चिठ्ठी बेमालूम घालणारी साधनेही निघाली आहेत, म्हणून व्हिडिओ कॉलवर वस्तू चालू करून दाखवायला सांगणे अधिक बरे. कॅमेरा असेल तर खालच्या बाजूचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळतो का, शटर आजवर किती वेळा उडाले, हे विचारावे.

फोनच्या बाबतीत सरकारनेच सोय केली आहे. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या फोनची माहिती येते. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरही ती मिळते. चोरीचा म्हणून रोखलेला फोन हाती आला तर पैसे तर जातातच, वर पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. आयफोन पहिल्या मालकाच्या खात्यातून मोकळा केलेला नसेल, तर तो शोभेची वस्तू म्हणूनच कपाटात ठेवावा लागतो. दोन टेराबाइटची म्हणून स्वस्तात मिळणारी साठवणपट्टी प्रत्यक्षात त्याच्या एका कोपऱ्याइतकीच माहिती ठेवते, बाकीची पुसून टाकते.

पार्सल आल्यावर ते उघडताना सलग चित्रीकरण करावे, चिकटपट्टी कापण्यापासून. खोक्यात साबण निघाला, तर मागाहून काढलेल्या छायाचित्राला कुणी विचारत नाही.

गेलेल्या पैशाच्या मागे

इतके करूनही फसगत झाली, तर लाजेने गप्प बसण्यात पहिला दिवस घालवू नये. घरात ओरडा बसेल म्हणून मुले सांगत नाहीत, आणि मोठी माणसे मुलांपुढे हसे होईल म्हणून सांगत नाहीत. तेवढ्या वेळात पैसा चार खात्यांतून फिरून निघून जातो. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, आपल्या बँकेला कळवावे आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम कुणी काढून घेण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती वाटेतच गोठवता येते. व्यवहाराचा क्रमांक, संभाषणाची चित्रे आणि जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे. रागाच्या भरात संभाषण पुसून टाकणारे थोडे नाहीत. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

ग्राहक कायद्यावर मात्र सर्व भिस्त ठेवता येत नाही. ई-व्यापाराचे २०२० चे नियम नियमित धंदा करणाऱ्यांसाठी आहेत. घरातला जुना कॅमेरा एकदाच विकणाऱ्या खासगी व्यक्तीला ते लागू होत नाहीत. व्यापारी विक्रेत्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर दाद मागता येते. आणि काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त पाच हजार शुल्क’ असे म्हणणारा कुणी भेटला, तर तो पहिल्याचाच भाऊबंद असतो. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात.

आता त्या इंदूरच्या घरी सोमवारी सकाळचे अकरा वाजले आहेत. मुलगा फोन हातात घेऊन उभा, वडील चष्मा लावून बसलेले. ३५ हजारांचा आकडा टाकला गेला आहे.

‘‘अहो, हे नाव कुणाचं?’’ आई मागून विचारते.

पडद्यावर विक्रेत्याचे नाही, भलत्याच माणसाचे नाव आलेले असते. मुलगा विचारतो, तेव्हा मेव्हण्याचे खाते असल्याचे उत्तर येते.

‘‘अरे, मग त्याला म्हणावं, कॅमेऱ्याशेजारी आजची तारीख लिहून दाखव,’’ वडील म्हणतात. ‘‘आणि रात्री जिथे बोली लावलीस ना, तिथेही एकदा विचार.’’

चिठ्ठीची मागणी पोहोचताच समोरून लिहून येते, ‘भाईसाहेब, विश्वास नसेल तर राहू द्या.’ पाच मिनिटांनी त्या क्रमांकावरचे छायाचित्र नाहीसे होते. गटात मात्र खऱ्या विक्रेत्याचे उत्तर दुपारी येते, ‘कॅमेरा काल रात्रीच विकला गेला. मी कुणालाही निरोप पाठवलेला नाही. तुमच्यासारखेच आणखी तिघे विचारत आहेत.’

मुदत ठेव मोडलेली नसते. गुरुवारी लग्न आहे, आणि मुलगा भाड्याचा कॅमेरा आणायला स्कूटर काढतो.